नोएमीच्या अर्जाला दुःख कमी पडतं

सेल्मा, ९ ऑक्टोबर १९८८

प्रिय ओतीलिया आत्येस,
नोएमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि त्याच पाकिटात माझं मागचं पत्र लाल शाईने दुरुस्त होऊन परत आलं. सतरा चुका. आईने ते फ्रिजवर चिकटवलंय, कारण त्याच्या आधीच्या पत्रात बावीस होत्या आणि तिच्या मते ही घराण्याची प्रगती आहे.

इकडे सगळे ठीक. बेदाणे वाळून वेळेत उचलले गेले, पावसाने यंदा दया केली. बाबा कारखान्यात त्याच देठ काढायच्या यंत्रापाशी आहेत. कान मात्र आणखी गेलेत. मागे तू फोनवर नवे पडदे घेतल्याचं सांगितलंस, आणि आठवडाभर ते शेजाऱ्यांना सांगत फिरले की ओतीने सॅक्रामेंटोत घोडे घेतलेत. म्हणून पत्रच बरं.

आता कामाचं. आमच्या शाळेचे मार्गदर्शक बोयाजियान सर आहेत ना, त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तू गेलीस त्याच कॉलेजात मला पाठवायचं त्यांच्या मनात आहे, पण माझं गणित बघता सरळ अर्ज केला तर काही खरं नाही. त्यापेक्षा संधी योजनेतून अर्ज कर. ज्यांच्या आईबापांनी कॉलेज पाहिलं नाही आणि ज्यांची मिळकत बेताची आहे, अशांसाठी ती आहे. ते मार्कांच्या पलीकडे बघतात, फीला मदत करतात, उन्हाळ्यात सहा आठवडे आधी बोलावून तयारी करून घेतात. सरळ अर्ज असो की योजनेचा, मुदत नोव्हेंबरअखेर.

अडचण एकच. अर्जात लिहायचंय, 'तुमच्या शिक्षणाच्या वाटेत आलेल्या अडचणी सविस्तर सांगा. जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडा.' आत्या, वेगळ्या कागदाचं सोड, माझी पहिली ओळ भरेना. मला कसलं दुःख आहे? आई म्हणाली, टॉन्सिल काढले होते ते लिही. धाकटा म्हणाला, कुत्रं गाडीखाली गेलं ते लिही. शेजारच्या एर्लिंदाकाकू तर म्हणाल्या की माझा नवरा लिहून टाक, दोन घरांना पुरेल एवढी अडचण आहे.

बाबा वेगळ्याच गोष्टीवर अडलेत. अर्जावर पालकाची सही लागते, आणि सहीच्या वर छापलंय, 'वंचित कुटुंबातील विद्यार्थी'. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचलं आणि विचारलं की ह्या घरात वंचित कोण? छप्पर गळत नाही, पिकअपचे दोन्ही दरवाजे बंद होतात. फॉर्म त्यांनी मक्याच्या पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.

तू आमच्यातली एकटीच कॉलेजात गेलेली, तेही स्वतःच्या हुशारीवर, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. म्हणून तुलाच विचारते. करू का अर्ज?

कळावे. चुका कितीही निघोत, माया आवरती घेऊ नकोस.
तुझी नोएमी


सॅक्रामेंटो, १६ ऑक्टोबर १९८८

चि. नोएमीस,
आत्येचे अनेक आशीर्वाद.

चौदा चुका. पत्र सोबत जोडले आहे.

तू विचारलेस म्हणून स्पष्ट लिहिते. करू नकोस.

मी दहा वर्षे शिकवले आणि तीन वर्षे उपमुख्याध्यापिका आहे. शिक्षकांच्या खोलीत काय बोलतात ते मी ऐकते. एखाद्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला की लोक आधी विचारतात, कोणत्या दाराने? पुढच्या दाराने आलेल्याला कोणी काही विचारत नाही. मागच्या दाराने आलेल्याला मात्र जन्मभर पावती दाखवत फिरावे लागते. तू कितीही चांगले काम केलेस तरी कोणीतरी मान किंचित कलती करून हसेल. ती किंचित कललेली मान किती जड असते, हे तुला आज सांगून कळणार नाही.

मी गेले तेव्हा मला कोणी हात धरून नेले नव्हते. बसने गेले, दोन पिशव्या घेऊन. तूही तशीच जा. गणिताची शिकवणी लाव. सरळ अर्ज कर. नाहीच मिळाला प्रवेश तर दोन वर्षे गावाजवळच्या लहान कॉलेजात काढ आणि मग ताठ मानेने ये.

वडिलांना म्हणावे, सही केली नाहीत ते उत्तम केलेत. आमच्या घराण्यात अजून कणा शिल्लक आहे. आईला नमस्कार. टॉन्सिलविषयी लिहू नये.

पत्र नीट वाच, दोनदा वाच.
तुझी हितचिंतक,
ओतीलिया आत्या


सेल्मा, ३० ऑक्टोबर १९८८

प्रिय ओतीस,
दादाचे आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, पोरीकडून लिहून घेतलेलं नाही, तेव्हा चुका मोजायला मोठा कागद घे.

तुझं पत्र नोएमीने दोनदा वाचलं. सांगितलं होतंस तसंच केलं बिचारीने. मग डब्याखालचा फॉर्म काढला आणि बोयाजियान मास्तरांना परत नेऊन दिला. सरळ अर्जही करणार नाही म्हणते, कारण गणितात आपण मार खाणार हे तिला ठाऊक आहे. शिकवणी नको, लहान कॉलेज नको. काल आईबरोबर कारखान्यात येऊन विचारून गेली, जूनपासून सरकत्या पट्ट्यावर बेदाणे निवडायला बाई लागेल का म्हणून. आमचा साहेब म्हणाला, लागेल. त्याला काय, लागणारच. तिथे फॉर्म नाही, निबंध नाही, आणि दार एकच आहे.

मी सही केली नव्हती हे खरं. मला तो शब्द टोचला. पण ओती, सही न करणं वेगळं आणि पोरीला घरी बसवणं वेगळं. दोन दिवसांनी माझा राग उतरला असता, तुझ्या चेलोवहिनीने उतरवलाच असता. तेवढ्यात तुझा कणा टपालाने येऊन थडकला.

आता एक आठवण देतो. सन एकाहत्तर. स्वयंपाकघरातलं टेबल, एक पाय विटेवर. हाच फॉर्म होता. तेव्हा रंग गुलाबी होता एवढंच. तू अडचणींच्या रकान्यापाशी अडून बसली होतीस आणि रडत होतीस, कारण तुलाही काही सुचत नव्हतं. मळ्यात गेलीस की तुझ्या अंगावर पुरळ उठायचा, म्हणून मायने तुला कधी नेलंच नाही. तू मला विचारलंस, दादा, मळ्यामळ्यांतून कामाला फिरताना ट्रकच्या मागच्या हौद्यात झोपलं की कसं वाटतं? मी सांगितलं. पाठीला दव लागतं, पहाटे कुत्री येतात. मग विचारलंस, आठवीतून शाळा सोडलीस त्या दिवशी काय झालं? तेही सांगितलं. तू सगळं लिहून घेतलंस आणि जिथे जिथे मी होतो तिथे तिथे 'मी' लिहिलंस. वाचून दाखवलंस तेव्हा माय रडली, चेलो रडली. मलाही वाटलं, ह्या पोरीने फारच भोगलं बुवा.

मी तेव्हा काही बोललो नाही, आताही ते परत मागत नाही. माझं दुःख माझ्याकडे नुसतं पडून होतं, तुझ्या कामाला आलं. पण माझ्या पोरीला पुढच्या दाराच्या गोष्टी सांगू नकोस. त्या दाराशी ढकलायला मी उभा होतो.

तिला खरं काय ते लिही. लवकर लिही, तारीख जवळ आलीय.

बाकी क्षेम. घोड्यांना जप.
तुझा दादा, एव्हारिस्तो


सॅक्रामेंटो, ५ नोव्हेंबर १९८८

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातल्या चुका मी मोजल्या नाहीत. पेन हातात घेतले होते, ठेवून दिले.

तेव्हाची गोष्ट वेगळी होती असे मी लिहायला बसले, आणि वेगळे काय होते ते सुचेना. इथे कोणाला माहीत नाही, दादा. चार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने ह्या योजनेतल्या मुलांवर एक विनोद केला. सगळे हसले. मीही हसले. इतरांपेक्षा थोडे जास्तच. त्यानंतर मी कशी सांगणार होते?

तुला इतकी वर्षे सगळे लक्षात होते आणि तू एकदाही बोलला नाहीस, ह्याचा मला राग आला आहे. हे न्याय्य नाही, हे मला कळते.

पोरीला लिहिते. वहिनीला नमस्कार. तुझी माया आजवर होती तशीच असावी, मागणे एवढेच.
तुझी ओती


सॅक्रामेंटो, ८ नोव्हेंबर १९८८

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडले. मागच्या पत्रात मी तुला एक खोटे सांगितले आणि ते शुद्ध भाषेत सांगितले, म्हणजे अपराध दुप्पट.

मी त्याच योजनेतून गेले. त्या काळी ती नवीनच होती. माझे गणित तुझ्याहून वाईट होते. पहिल्या वर्षी मला शिकवायला एक मुलगा ठेवला होता, त्याचा पगार योजनाच देई. आठवड्यातून दोनदा योजनेच्या पेटीग्रू बाईंच्या खोलीत जाऊन मी रडत असे आणि त्या मला शेंगदाणे देत. त्यांच्याशिवाय मी नाताळापर्यंतसुद्धा टिकले नसते. तेव्हा हात धरून कोणी नेले नाही, हे खरे नाही. हात धरला होता, तो मी नंतर पुसून टाकला.

निबंधाविषयी तुझे बाबा सांगतील किंवा सांगणार नाहीत. मी एवढेच सांगते की त्यात लिहिलेले सगळे खरे होते, फक्त ते माझे नव्हते. तू तसे करू नकोस. मला त्याने प्रवेश मिळाला, आणि सतरा वर्षे दुसऱ्याचा कोट घालून फिरल्यासारखे झाले. ऊब त्याची होती आणि मापही त्याचेच होते.

लोक मान कलती करतील का? करतील. मीच करीत आले आहे. तू माझ्यासारख्यांसाठी घरी बसू नकोस.

अर्ज कर. मुदत नोव्हेंबरअखेर. मागचे पत्र फ्रिजवर लावले असल्यास काढावे.

तुझा मला अभिमान वाटतो, हे मी पूर्वी लिहायला हवे होते.
ओतीलिया आत्या


सेल्मा, २७ नोव्हेंबर १९८८

प्रिय आत्येस,
नोएमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र फ्रिजवरून काढलं नाही. त्याच्या शेजारी नवं लावलं. आता एर्लिंदाकाकू चहाला आल्या की दोन्ही वाचतात आणि म्हणतात, ही बाई आता आपल्यातली वाटते.

आधी मी तुझ्यावर तीन दिवस रागावले होते. मग पेटीग्रू बाईंच्या खोलीतली तू डोळ्यांपुढे आलीस, नाक लाल आणि तोंडात शेंगदाणे, आणि हसूच यायला लागलं. हसताना रागावणं जमत नाही.

अर्ज गेला. कसा गेला ते ऐक. बोयाजियान सरांनी फॉर्म टाकला नव्हता, ड्रॉवरमध्ये ठेवला होता. म्हणाले, सेल्मातली माणसं फॉर्म दोनदा नेतात, एकदा चिडून परत करायला आणि एकदा भरायला. निबंधाचं मी म्हटलं की माझ्याकडे अजून काही नाही. त्यांनी विचारलं, मंगळवारी शाळेला दांडी का मारली होतीस? मी म्हटलं, बाबांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, डॉक्टर काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नाही, मी कानाशी मोठ्याने सांगते. त्यांनी विचारलं, आणि त्याआधीच्या महिन्यात? मी म्हटलं, कारखान्यात कामगारांची सभा होती. कधीपासून जातेस? मी म्हटलं, नऊ वर्षांची असल्यापासून. बँक, डॉक्टर, सभा, धाकट्यांच्या शाळा. सर म्हणाले, हेच लिही. मी म्हटलं, ही काय अडचण आहे? हा तर मंगळवार आहे.

तेच लिहिलं. वेगळा कागद जोडावा लागला. आईने वाचलं आणि विचारलं, ह्यात टॉन्सिल कुठेत?

सहीच्या वेळी बाबांनी आणखी एक घोळ घातला. पेन मागितलं, चष्मा लावला, आणि 'वंचित' ह्या शब्दावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मग खाली सही केली. आईने कपाळावर हात मारला. मी रडवेली होऊन सरांकडे नेला, तर ते म्हणाले, असाच जाऊ दे.

आता वाट बघायची. तोवर तुझी लाल शाई वाळू देऊ नकोस, मला तिची सवय झालीय.
तुझी नोएमी


वसतिगृह, खोली २१४
१६ जुलै १९८९

प्रिय आत्येस,
नोएमीचा सा. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या वर्गाचे तीन आठवडे झाले. गणिताचे रोज चार तास. माझ्या खोलीतली मुलगी ऑकलंडची, नाव जेनीव्ह, ती झोपेत समीकरणं सोडवते आणि ती माझ्या जागेपणीच्या समीकरणांपेक्षा बरोबर असतात. जेवण मिळमिळीत. आईने दिलेली सुक्या मिरचीची बाटली आठ जणींत फिरतेय, माझा दरारा तेवढ्यावरच टिकून आहे.

तुला जे सांगायला बसलेय ते वेगळंच. पेटीग्रू बाई अजून आहेत. ह्या वर्षी निवृत्त होणार. काल त्यांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून गोष्टी सांगितल्या. म्हणाल्या, सुरुवातीच्या वर्षांत निबंध वाचून वाचून त्यांना वीट आला होता. प्रत्येक निबंधात एक ट्रक, त्यात झोपलेलं एक लेकरू, आणि पहाटेची कुत्री. कोणाचं खरं, कोणाचं ऐकीव, कळायचंच नाही. मग एक निबंध आला, तोही ट्रकचा. त्यांनी तो नकाराच्या गठ्ठ्यात टाकला होता. पण त्या वर्षी घरच्या कर्त्या माणसाचं दोन ओळींचं पत्रही सोबत मागवलेलं होतं. त्या मुलीचे वडील वारलेले, म्हणून भावाने लिहिलं होतं. बाईंना ते तोंडपाठ आहे. नव्या माणसांना अर्ज वाचायला शिकवताना त्या ते दर वर्षी म्हणून दाखवतात. त्यांनी म्हटलं ते असं:

'माझी बहीण आयुष्यात एक दिवसही मळ्यात गेलेली नाही. तिला भाकरी भाजता येत नाही, डबा भरता येत नाही, घरात तिचा काडीचा उपयोग नाही. ती फक्त वाचते. आमच्याकडचं सगळं वाचून संपलंय. आता हिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.'

सभागृह हसून लोटपोट. बाई म्हणाल्या, त्या पत्रावरून त्यांनी ती मुलगी घेतली. निबंध कोणाचा का असेना, पत्र मात्र खरं होतं.

नाव त्यांनी घेतलं नाही. पण आत्या, त्या पत्रातला आवाज मी घरी रोज जेवताना ऐकत आलेय. हसता हसता मी एकटीच रडायला लागले, आणि जेनीव्हला वाटलं की मला घरची आठवण आली. आलीच होती म्हणा.

म्हणजे तुला आत आणलं ते तुझ्या खोट्याने नव्हे, बाबांच्या खऱ्याने. तुला हे माहीत होतं का? मला वाटतं नसावं. त्यांना मी काही विचारलेलं नाही. तूच विचार.

कळावे. इथे येऊन जा, बाईंना भेट, त्या शेंगदाणे अजून ठेवतात.
तुझी नोएमी


सेल्मा, ६ ऑगस्ट १९८९

प्रिय ओतीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. चेलोने मोठ्याने वाचलं आणि मध्ये दोनदा थांबली, म्हणून मग मीच वाचून काढलं. आभार वगैरे जे काय लिहिलंयस ते ठीक आहे, पण एवढं मनाला लावून घेण्यासारखं मी काही केलं नव्हतं. मायच्या नावाने कोणीतरी लिहायलाच हवं होतं आणि तिला लिहिता येत नव्हतं. तुझा निबंध मी वाचला होता, चांगला होता, पण त्यात तूच नव्हतीस. मला वाटलं, ज्या बाया तुला घेणार त्यांना निदान माल कसला येतोय ते कळावं. भाकरीचं लिहिलं ते खोटं होतं का सांग.

पेटीग्रू बाईंच्या निरोपाला तू जाणार आणि चारचौघांत उभी राहून सगळं सांगणार म्हणतेस. खुशाल सांग. तुझ्या शाळेतल्या त्या विनोदी माणसालाही बोलाव. माझं नाव घेतलंस तरी चालेल, मला काय ऐकू येणार आहे? पण एक गोष्ट नोएमीला सांगू नकोस. तू सरळ विचारलंस, बाईंनी तुला काही उत्तर पाठवलं होतं का, म्हणून सांगतो. नाहीतर सांगणार नव्हतो.

पाठवलं होतं. तुझ्या निवडीच्या कागदानंतर आठवड्याने माझ्या नावाने वेगळं पाकीट आलं. आत चार ओळी होत्या. तुमची बहीण आम्ही घेतो, पण हे पत्र ज्याने लिहिलं तो स्वतः का येत नाही? आठवी झाली असली तरी वाट काढता येईल, आधी इथे येऊन भेटा. आणि सोबत एक कोरा गुलाबी फॉर्म.

मी तेवीस वर्षांचा होतो. नोएमी पोटात होती, माय अंथरुणाला खिळलेली, द्राक्षं तोडायला दोन महिने उरलेले. मी तो फॉर्म तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. नाव लिहिलं, गाव लिहिलं. अडचणींचा रकाना आला तेव्हा बसलो विचार करत, आणि हसू आलं. म्हटलं, अडचणी तर आपण आधीच देऊन बसलोय, आता तेच परत कसं लिहायचं? बाईंनी ओळखलं असतं.

पुढे तू जायला निघालीस. तुला फ्रेस्नोला बस बदलायची होती आणि पुढे आणखी एकदा, आणि तू तर अशी की वाचता वाचता चार गावं पुढे गेली असतीस. म्हणून गाड्यांच्या वेळा आणि उतरायची ठिकाणं मोठ्या अक्षरांत लिहून तुझ्या हातात दिली. लिहायला घरात दुसरा कोरा कागद नव्हता, म्हणून त्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं. तू पोचलीस म्हणजे वेळा बरोबर होत्या. कागद तू उलटून पाहिला नसावास, आणि पाहावास असं माझ्याही मनात नव्हतं.

कागद चांगला जाड होता, ओती. वाया कशाला घालवायचा?

चेलो आशीर्वाद सांगते. येत जा.
तुझा दादा,
एव्हारिस्तो